फ्रॉन्सिस टॅव्हर्न : जीर्णोद्धृत वास्तू आणि परंपरेचे भोजन

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकास, पर्ल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, चहूबाजूंच्या गगनचुंबी इमारतींच्या मधोमध एक बेताच्या उंचीची विटांची इमारत उभी आहे. तळमजल्यावर उपाहारगृह आहे. वरच्या मजल्यांवर संग्रहालय आहे. उपाहारगृहात जुन्या अमेरिकी धर्तीचे भोजन मिळते. या वास्तूचे नाव फ्रॉन्सिस टॅव्हर्न. अमेरिकन क्रांतीच्या इतिहासात या नावाला मोठे स्थान आहे, आणि तेथे भोजनास बसणाऱ्या माणसाची सहज अशी समजूत होते की, ज्या भिंतींच्या आत जनरल वॉशिंग्टन जेवला त्याच भिंतींच्या आत आणि जवळजवळ त्याच प्रकारचे अन्न आपण जेवत आहोत.

ही समजूत कितपत खरी आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तो टाळता येणार नाही. आपण कागदाची चिकित्सा करतो. अस्सल कोणता, नक्कल कोणती, समकालीन कोणता आणि उत्तरकालीन कोणता, हे ठरविल्यावाचून त्याची साक्ष घेत नाही. वास्तूच्या बाबतीत मात्र हीच सावधगिरी आपण पुष्कळदा सोडून देतो. भिंत दिसते, दार दिसते, चुलाणे दिसते; आणि डोळ्यांना दिसते ते खरे मानण्याकडे मनाचा ओढा असतो. त्यातही त्या जागी बसून जेवावयास मिळाले म्हणजे शंका घेण्याची वृत्ती आणखीच मंदावते.

१

प्रथम वास्तूचा पूर्ववृत्तान्त पाहू. हे घर १७१९ मध्ये स्टीफन डीलान्सी या फ्रेंच प्रॉटेस्टंट कुळातील धनाढ्य व्यापाऱ्याने राहण्यासाठी बांधविले. पुढे डीलान्सी घराण्याच्या पेढीने तेथे वखार आणि दुकान थाटले. १७६२ मध्ये सॅम्युएल फ्रॉन्सिस याने ते विकत घेऊन त्यात टॅव्हर्न उघडली आणि राणी शार्लट हिच्या नावाची व चित्राची पाटी दारावर टांगली. म्हणजे ज्या रूपाने ही वास्तू प्रसिद्धीस आली ते तिचे मूळ रूप नव्हे. राहते घर, मग वखार, मग टॅव्हर्न अशी रूपांतरे तिने क्रांतीच्या आधीच पाहिली होती.

टॅव्हर्न या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. खानावळ, मद्यगृह, मुसाफिरांच्या मुक्कामाची जागा, व्यापाऱ्यांची बैठक आणि गावची चावडी ही सर्व कामे एकाच छपराखाली चालत. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांचे मंडळ, म्हणजे तेथील चेंबर ऑफ कॉमर्स, १७६८ मध्ये याच टॅव्हर्नमध्ये स्थापन झाले. एप्रिल १७७४ मध्ये चहा घेऊन आलेल्या एका जहाजाच्या कप्तानाला येथेच बोलावून जाब विचारण्यात आला आणि त्या चहाच्या पेट्या बंदरात रिकाम्या करण्यात आल्या. या चळवळीचा रोख ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाला पार्लमेंटने दिलेल्या सवलतीवर होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच कंपनीच्या मुंबईकर सैन्याने मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, हे येथील वाचकाला आठवल्याशिवाय राहणार नाही. एकाच व्यापारी संस्थेचे जाळे पृथ्वीच्या दोन टोकांना कसे पसरले होते, याची ही एक खूण.

फ्रॉन्सिस हा स्वतः पाककुशल आणि उद्योगी गृहस्थ होता. पुढे १७८९ मध्ये वॉशिंग्टन अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या घराचा कारभारी म्हणून त्याने फ्रॉन्सिसचीच निवड केली. न्यूयॉर्कमध्ये आणि नंतर फिलाडेल्फियामध्ये त्याने हे काम केले. १७९५ मध्ये तो मरण पावला. त्याचे म्हणून कित्येक दशके प्रसिद्ध असलेले तैलचित्र त्याचे नव्हेच, असे २०१७ मध्ये निदर्शनास आले. ज्या माणसाच्या नावाने वास्तू ओळखली जाते त्याचा चेहराही आपल्यापुढे परंपरेने चुकीचा ठेवला होता, ही गोष्ट आपल्या विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

२

आता भोजनाकडे वळू. अठराव्या शतकातील टॅव्हर्नमधील जेवण आणि आजच्या उपाहारगृहातील जेवण यांत पदार्थांपेक्षाही पद्धतीचा भेद मोठा आहे. टॅव्हर्नमध्ये सामान्य गिऱ्हाइकाला निवड नसे. जेवणाची वेळ ठरलेली असे. ती दुपारची असे. यजमानाने त्या दिवशी जे शिजविले असेल ते एका लांब मेजावर मांडले जाई आणि परिचित-अपरिचित सर्वांनी एकत्र बसून ते ठरावीक दरात खावे, अशी रीत होती. ज्यांना वेगळे हवे असे त्यांनी आगाऊ सांगून खासगी दालनात मेजवानी ठरवावी. मेजावर मदिरा बेटावरून येणारे मद्य आणि लिंबू, साखर व रम यांचे पंच असे. बंदरात कालवांची रेलचेल असल्याने शिंपल्यांतील कालवे हे श्रीमंतांचे नव्हे तर सर्वांचेच खाद्य होते.

स्वतंत्र मेज, छापील पदार्थपत्रिका, ज्याला जे हवे ते त्याने मागवावे आणि तेवढ्याचे पैसे द्यावेत ही पद्धत पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. न्यूयॉर्कमध्ये ती आणण्याचे श्रेय सामान्यतः स्वित्झर्लंडमधून आलेल्या डेल्मोनिको कुटुंबाला दिले जाते. त्यांचे पहिले लहानसे दुकान १८२७ मध्ये निघाले आणि १८३० नंतरच्या दशकात त्याचे प्रशस्त उपाहारगृह बनले. तेही फ्रॉन्सिस टॅव्हर्नपासून थोड्याच अंतरावर. तेव्हा आज जो प्रवासी फ्रॉन्सिस टॅव्हर्नमध्ये आपल्या चौघांपुरत्या मेजाशी बसून पत्रिकेवर बोट ठेवतो, तो वॉशिंग्टनची नव्हे तर डेल्मोनिकोची परंपरा चालवीत असतो.

पदार्थांविषयीही असेच. पिठाच्या पारीखाली शिजविलेले मांस, म्हणजे ज्याला पॉट पाय म्हणतात ते, भाजलेली टर्की, भोपळ्याचे गोड पक्वान्न, मक्याच्या पिठाची भाकरी हे पदार्थ जुने आहेत, यात शंका नाही. अमेलिया सिमन्स हिचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे छापले गेले. अमेरिकन लेखणीतून उतरलेले आणि अमेरिकेत छापलेले पहिले पाकशास्त्र म्हणून ते ओळखले जाते. त्यात मक्याच्या पिठाच्या आणि भोपळ्याच्या कृती आहेत; टर्कीबरोबर क्रॅनबेरीची चटणी द्यावी असेही त्यात सांगितले आहे. परंतु त्याच पुस्तकातील कित्येक कृती इंग्रजी पाकग्रंथांतून घेतल्या आहेत आणि काही पदार्थांची नावे न्यूयॉर्कच्या डच वसाहतवाल्यांकडून आली आहेत. मका आणि भोपळा ही तर मूळ रहिवाशांची देणगी. ‘पारंपरिक अमेरिकन’ या दोन शब्दांत किती जणांची चूल सामावली आहे, हे यावरून दिसेल. शिवाय पदार्थाचे नाव टिकले तरी त्याचे द्रव्य टिकतेच असे नाही. सांडपाण्याने दूषित झाल्यामुळे न्यूयॉर्क शहराच्या पाण्यातील कालवांची शेवटची पैदास १९२७ मध्ये बंद झाली. आज त्या मेजावर येणारे कालवे दुसऱ्याच किनाऱ्यावरचे असतात.

३

या वास्तूची कीर्ती ज्या प्रसंगावर उभी आहे तो ४ डिसेंबर १७८३ चा. ब्रिटिश सैन्य शहर सोडून गेल्यावर वॉशिंग्टनने आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप येथील दिवाणखान्यात घेतला. त्याने प्याला उचलला, त्याला गहिवरून आले, प्रथम हेन्री नॉक्स आणि मग एकेक अधिकारी पुढे झाला आणि प्रत्येकाला त्याने आलिंगन दिले. हे वर्णन सर्वत्र आढळते. त्याचा मुख्य आधार म्हणजे तेथे हजर असलेल्या बेंजामिन टॉलमॅज या अधिकाऱ्याच्या आठवणी. त्या त्याने १८३० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, आपल्या मुलांसाठी लिहिल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १८५८ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. प्रसंग घडला हे निर्विवाद आहे. परंतु त्याचे जे भावपूर्ण चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते प्रत्यक्षदर्शीचे असूनही उत्तरकालीन आहे. आपल्याकडील परिभाषेत बोलावयाचे तर हा समकालीन कागद नव्हे. जाणत्या माणसाने वृद्धपणी सांगितलेली हकीकत आहे.

त्याच वर्षी त्याच वास्तूत दुसरेही एक कामकाज चालले होते, आणि त्याचे समकालीन कागद उपलब्ध आहेत. युद्धकाळात जे गुलाम बंडखोर धन्यांना सोडून आपल्या आश्रयास येतील त्यांना स्वातंत्र्य देऊ, असे ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी जाहीर केले होते. त्याप्रमाणे हजारो कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष न्यूयॉर्कमध्ये येऊन राहिले. तहाच्या सातव्या कलमात मात्र अमेरिकनांच्या मालकीचे गुलाम घेऊन जाऊ नये, अशी अट पडली. ६ मे १७८३ रोजी वॉशिंग्टनने ब्रिटिश सेनापती कार्लटन याची समक्ष भेट घेऊन या बाबतीत हरकत नोंदविली. आमचे वचन तहापूर्वीचे आहे, ते मोडता येणार नाही, अशी कार्लटनची भूमिका होती. जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवावी आणि वादाचे दावे ऐकावेत, असे ठरले. ही सुनावणी मे ते नोव्हेंबर १७८३ या काळात दर बुधवारी फ्रॉन्सिस टॅव्हर्नमध्ये होत असे. ब्रिगेडियर सॅम्युएल बर्च याच्या सहीचे दाखले ज्यांना मिळाले ते मुक्त माणसे म्हणून जहाजावर चढले. निकाल सर्वांच्याच बाजूने लागले असे नाही. सुमारे तीन हजार जणांची नावे, वये आणि पूर्वीच्या धन्यांची नावे ज्या खातेवहीत उतरली ती ‘बुक ऑफ नीग्रोज’ या नावाने प्रसिद्ध आहे.

त्या वहीत हॅरी वॉशिंग्टन नावाचा एक इसम आहे. तो माउंट व्हर्नन येथील वॉशिंग्टनच्या मळ्यातून पळालेला गुलाम. जुलै १७८३ च्या अखेरीस तो नोव्हा स्कोशियाला जाणाऱ्या जहाजातून गेला आणि पुढे १७९२ मध्ये सिएरा लिओनमध्ये स्थायिक झाला. त्याच मळ्यातील डेबोरा स्क्वॉश ही वीस वर्षांची तरुणी त्याच्याही आधी, एप्रिलात, निघून गेली होती. अमेरिकेच्या वतीने या कामावर नेमलेल्या डॅनियल पार्कर याला वॉशिंग्टनने त्याच एप्रिल महिन्यात पत्र लिहून, आपले काही गुलाम न्यूयॉर्कमध्ये असण्याचा संभव आहे, आढळल्यास त्यांची व्यवस्था करावी, असे कळविले होते. डिसेंबरच्या निरोपाचा करुण प्रसंग वाचताना हा मागचा उन्हाळा डोळ्यांआड करता येणार नाही. एकाच टॅव्हर्नमध्ये, एकाच वर्षी, स्वातंत्र्य या शब्दाचे दोन अर्थ भेटले होते. त्यांपैकी एक स्मारकावर कोरला गेला. दुसरा खातेवहीत राहिला.

नंतरच्या वर्षांत, १७८५ ते १७८८ या काळात, येथे परराष्ट्र, युद्ध आणि अर्थ या खात्यांच्या कचेऱ्या होत्या. निरोपाच्या वेळी ज्याला पहिले आलिंगन मिळाले तो नॉक्स युद्धखात्याचा प्रमुख होता. फ्रॉन्सिस मात्र तोपर्यंत ही वास्तू विकून मोकळा झाला होता. फिलाडेल्फियात अध्यक्षांच्या ज्या स्वयंपाकघरावर त्याची देखरेख होती तेथे मुख्य आचारी हर्क्युलीस हा माउंट व्हर्ननहून आणलेला गुलाम होता. तोही २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, म्हणजे नेमक्या धन्याच्या वाढदिवशी, पळून गेला. जुन्या अमेरिकन भोजनाचा इतिहास लिहावयाचा तर यजमान आणि पाहुणे यांच्याबरोबर चुलीशी उभ्या असलेल्या माणसाचेही नाव त्यात आले पाहिजे.

४

एकोणिसाव्या शतकात या वास्तूची फार हेळसांड झाली. १८३२ पासून तिला अनेकदा आगी लागल्या. १८५२ ची आग त्यांपैकीच. प्रत्येक दुरुस्तीत तिचे रूप बदलत गेले. वर मजले चढले, उतरते छप्पर जाऊन सपाट झाले. १८९० मध्ये तळमजल्याचा दर्शनी भाग बदलून तो रस्त्याच्या पातळीस आणला गेला आणि जुनी लाकडे स्मृतिचिन्हे म्हणून विकली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पाडली जाणार अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा ‘सन्स ऑफ द रेव्होल्यूशन’ या संस्थेने १९०४ मध्ये ती विकत घेतली. लागणारा पैसा बव्हंशी फ्रेडरिक सॅम्युएल टॉलमॅज याच्या मृत्युपत्रातून आला. हा आठवणी लिहिणाऱ्या बेंजामिन टॉलमॅजचा नातू. निरोपाची हकीकत आजोबाने लिहिली आणि निरोपाची जागा नातवाच्या द्रव्याने उभी राहिली, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

जीर्णोद्धाराचे काम विल्यम मर्सेरो या वास्तुविशारदाकडे होते. १७८३ मधील इमारतीचे चित्र अथवा आराखडा त्याच्याजवळ नव्हता. उरलेल्या भिंतींतील खुणा आणि यॉन्कर्स येथील फिलिप्स मॅनरसारखी त्या काळची घरे यांच्या आधाराने त्याने वरचे मजले उतरविले, नवे उतरते छप्पर घातले, खिडक्यांची रांग जुळविली आणि विटा बसविल्या. १९०७ मध्ये संग्रहालय व उपाहारगृह खुले झाले. आज जे दिसते ते बहुतांशी हे १९०७ चे काम. त्यात काही विटा जुन्या आहेत, जागा जुनी आहे. परंतु एकंदर रूप अनुमानाने सिद्ध झालेले आहे. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा गाभाऱ्यातील मूर्ती जुनी असते आणि शिखर नवे असते. भक्ताला त्यात विसंगती वाटत नाही. इतिहासाभ्यासकाला मात्र मूर्ती आणि शिखर यांचे वय वेगवेगळे लिहावे लागते.

आता १९०७ हे साल विचारात घ्यावे. या वास्तूपासून पायी काही मिनिटांवर बॅटरीचा धक्का आहे आणि समोरच्या पाण्यात एलिस बेट आहे. त्या एका वर्षात एलिस बेटावरून दहा लाखांहून अधिक परदेशी लोक अमेरिकेत उतरले. त्या ठाण्याच्या इतिहासातील तो उच्चांक होता. इटली, रशिया, ऑस्ट्रिया-हंगेरी येथून येणाऱ्या या माणसांच्या भाषा, धर्म आणि आहार वेगळे होते. नेमक्या याच काळात जुन्या घराण्यांच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांची घरे सोडवून घेण्याची, ती सजविण्याची आणि तेथे ‘जुन्या काळचे’ जेवण वाढण्याची मोठी हौस धरली. सन्स ऑफ द रेव्होल्यूशन ही संस्थाच मुळी वंशावळीवर आधारलेली. क्रांतियुद्धातील पूर्वज दाखविल्याशिवाय तिचे सभासदत्व मिळत नसे. या उद्योगात पूर्वजांविषयीचे खरे प्रेम होते, हे नाकारण्याचे कारण नाही. त्यांनी हात घातला नसता तर ही वास्तू राहिली नसती, हेही तितकेच खरे. परंतु अमेरिकन कोण आणि अमेरिकन अन्न कोणते, याचे एक उत्तरही त्या जीर्णोद्धारात विटांबरोबर रचले गेले.

५

अशा वास्तू अमेरिकेत इतरही आहेत. तुलनेसाठी तीन पाहू. बोस्टनच्या युनियन ऑयस्टर हाउसच्या इमारतीत पूर्वी कापडाचे दुकान होते आणि १७७१ पासून तिच्या माडीवर आयझाया टॉमस याचे वृत्तपत्र छापले जाई. १८२६ पासून तेथे कालवांचे भोजनगृह आहे. येथे वास्तू जुनी आहे आणि भोजनव्यवसायाची परंपराही प्रत्यक्ष चालत आलेली आहे. मॅसॅच्युसेट्समधील सडबरी येथील वेसाइड इन याचे नाव लाँगफेलोच्या १८६३ मधील काव्यसंग्रहावरून पडले; म्हणजे आधी काव्य आणि मग नाव. ते १९२३ मध्ये हेन्री फोर्डने घेतले, डिसेंबर १९५५ मध्ये आगीने बरेचसे नष्ट झाले आणि पुन्हा बांधून १९५८ मध्ये उघडले. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथील किंग्ज आर्म्स टॅव्हर्न तर १९५१ मध्ये पायापासून नव्याने उभारलेली आहे. अखंड चालत आलेली, जळून पुन्हा बांधलेली आणि मुळापासून रचलेली अशा या तीन कोटी मानता येतील. फ्रॉन्सिस टॅव्हर्न पहिल्या आणि तिसऱ्या कोटीच्या मध्ये कोठेतरी बसते. भोजनास येणाऱ्याला मात्र चारही ठिकाणी सारख्याच मेणबत्त्या आणि सारखेच लाकडी छत दिसते.

फ्रॉन्सिस टॅव्हर्नचा इतिहास १९०७ मध्ये थांबला नाही. २४ जानेवारी १९७५ रोजी भर दुपारी, जेवणाच्या वेळी, तेथे बॉम्बस्फोट होऊन चार माणसे मृत्यू पावली आणि पन्नासांहून अधिक जखमी झाली. पोर्तो रिकोच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र गटाने त्याची जबाबदारी स्वीकारली. अमेरिकन स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून जी जागा सजविली होती तेथेच अमेरिकेच्या ताब्यातील एका बेटाच्या स्वातंत्र्याच्या नावाने निरपराध माणसे जेवणाच्या पानावरून मृत्यूच्या दारी गेली. अलीकडच्या वर्षांत संग्रहालयाने १७८३ च्या सुनावण्यांवरही प्रदर्शन मांडले आहे. जवळजवळ अडीच शतकांनी खातेवहीतील नावे त्या घरात परत आली, असे म्हणता येईल.

या सर्व विवेचनावरून काय निष्पन्न होते? फ्रॉन्सिस टॅव्हर्न खोटी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ती अस्सल साधन आहे. प्रश्न इतकाच की कोणत्या काळाचे. १७१९ च्या व्यापाऱ्याच्या घराविषयी ती थोडे सांगते, १७८३ विषयी त्याहून थोडे अधिक. परंतु १९०७ विषयी ती जितके सांगते तितके त्या वर्षीचे वृत्तपत्रही सांगणार नाही. दिवाणखाना वरच्या मजल्यावर आहे. तो पाहावयाचा असतो, तेथे जेवावयाचे नसते. भोजन खाली होते. खालच्या मेजाशी बसणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, आपल्यापुढे वाढलेली परंपरा कोणीतरी निवडून वाढलेली आहे. ती निवड कोणी केली, केव्हा केली आणि ताटात काय वाढावयाचे राहिले, हे विचारणे म्हणजेच त्या घराचा इतिहास विचारणे होय. ताट सोडून उठण्याचे काही कारण नाही. जेवता जेवता हे प्रश्न विचारता येतात, आणि या घराविषयी ते विचारण्यास त्याच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.